फरासीस ब्रेझाक जहाजाची कशेळी मोहीम

दर्यास सलाम, वाऱ्यास मुजरा, आणि नारपोलीची वीज, जी आपल्या मर्जीने येते आणि आपल्या मर्जीने जाते, तीस साष्टांग दंडवत. शके एकोणीसशे अकरा, शुक्लनाम संवत्सर, पौष मास, मुसलमानी महिना जमादिलाखर, इंग्रजी सन एकोणीसशे नव्वद, ते समयी भिवंडीकर खलाशी मंडळीने फरासीस, म्हणजे फ्रेंच, जातीचे शिडाचे जहाज कशेळीच्या खाडीत चालविले, त्या मोहिमेचे वर्तमान पुढील पिढ्यांस कळावे, आणि चहाच्या टपरीवर जो तो पदरचे चार शब्द घालून सांगतो त्यास आळा बसावा, येतदर्थ ही हकीकत लिहिली असे. लिहिणाराने पक्षपात केला नाही. केला असेल तो गुलाम हुसेन सारंग यांचे बाजूने केला आहे, कारण चहा त्यांचे पदरचा होता.

प्रथम नायकाचा मजकूर. दर्यादिल, लंगरबहाद्दर, अजम गुलाम हुसेन सारंग हे भिवंडीच्या जुन्या कोकणी घराण्यातले. त्यांचे आजे शिडाच्या मचव्याने मलबारापर्यंत जात आणि माल भिवंडीच्या बंदरी उतरवीत. पुढे बंदरात गाळ भरला आणि खानदान कापडात शिरले, परंतु गुलाम हुसेन यांनी रक्ताचे ऐकिले आणि मुंबईस जाऊन आगबोटीवर खलाशी जाहले, आणि मग टिंडल जाहले, आणि मग सारंग, म्हणजे डेकवरील खलाशांचे सरदार. उभी उमर मालवाहू आगबोटींवर घालवून ते घरी परतले आणि भिवंडीच्या नारपोली वस्तीत जावई यूनुस यांचे यंत्रमागाच्या कारखान्यासमोर खुर्ची टाकून बसू लागले. आत माग खटखट करीत आणि सारंगसाहेब डोळे मिटून त्यात इंजिन ऐकत. येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे. शिडाशी सारंगसाहेबांचा संबंध आजोबांच्या गोष्टींपुरता. आगबोटीवर त्यांनी गंज खरवडला, रंग लाविला, पुन्हा खरवडला, पुन्हा लाविला, आणि लंगर टाकिला व उचलिला. शीड त्यांनी दुरून पाहिले होते. ही बाब त्यांनी कोणास सांगितली नव्हती, आणि कोणी विचारलीही नव्हती.

आता त्यांचे काळजातला सल. बेगम खदीजाबी यांनी नवऱ्यास भिवंडीच्या एस. टी. स्टँडवर किती वेळा पोहोचविले त्यास गणती नाही. नवरा पेटी घेऊन जाई आणि वर्षा-दीड वर्षाने पेटी घेऊन येई, आणि मधल्या काळात तो काय करतो हे तिने कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. मागवाल्याची बायको माग पाहते, शेतकऱ्याची शेत पाहते, खदीजाबींच्या वाट्यास पेटी आली. लग्नानंतर थोड्या दिवसांत तिने एकदा विचारिले होते, "तुमी दर्यावर करताव तरी काय?" तेव्हा नवरदेव जोशात येऊन पलंगावर उभे राहिले आणि लंगर टाकण्याचा देखावा करिते जाहले, त्यात कोनाड्यातली माहेरची सुरई फुटली. तिने तुकडे गोळा केले आणि पुन्हा कधी विचारिले नाही. तिने तक्रारही केली नाही, आणि हेच सारंगसाहेबांस सलत होते. आपण उभी उमर कोणत्या कामात घातली ते आपल्या माणसाने एकवार तरी पाहावे, मग पुढे जे होईल ते होवो, ऐसा त्यांचा मनसुबा. तो पुरा होण्याची आशा नव्हती, कारण आगबोट काही नारपोलीस येत नाही.

तो नवल वर्तले. आंद्रे नावाचा एक फरासीस, ज्यास मुसा आंद्रे म्हणावे, कारण जुन्या दप्तरी फरासिसांस मुसाच म्हणत आणि बखरीने जुने मोडू नये, तो आपले शिडाचे छोटे जहाज घेऊन एकटाच दुनिया फिरत होता. वसईच्या तोंडाशी वाऱ्याने त्याचे शीड फाडिले, आणि मग इंजिनाने खोकून प्राण सोडिला, आणि मग भरतीने जहाज ढकलत ढकलत खाडीत आत आणिले आणि कशेळीच्या पुलाअलीकडे नामाच्या शेताच्या बांधास लावून दिले. नामा हा कशेळीचा आगरी, ज्याचे भात बांधाच्या आत आणि जाळे बांधाच्या बाहेर. सकाळी उठून पाहतो तो बांधावर गोरा माणूस बसून कांदा खातो आहे. नामाने त्यास भाकरी दिली आणि मग नारपोलीस सांगावा धाडिला, कारण नामाचा भाऊ यूनुसशेटच्या कारखान्यात शिफ्टला होता आणि सारंगचाचा सात दर्यांचे पाणी प्यालेले, हे सर्वश्रुत होते.

सारंगसाहेब कशेळीस आले, फरासिसाशी मोडक्या इंग्रजीत बोलणे केले आणि तह ठरला. इंजिनाचा सुटा भाग परदेशाहून येईस्तोवर मुसा आग्र्यास इमारती पाहण्यास जाणार. जहाजाची राखण नामाकडे. नवे शीड भिवंडीकरांनी करून द्यावे, आणि तयार जाहल्यावर खाडीत एकवार लावून पाहावे, ऐसी इजाजत मुसाने हातवाऱ्यांनी दिली. हातवाऱ्यांनी दिल्यामुळे ती नेमकी कितीशी दिली याविषयी आजही मतभेद आहेत. त्या रात्री सारंगसाहेबांनी खदीजाबीस आज्ञा केली की, जुम्याच्या दिवशी चांगली ओढणी घेऊन तयार असणे, जहाजावर जाणे आहे. खदीजाबी म्हणाल्या, "जुम्याला मटन येतं." परंतु ओढणी काढून ठेविली.

मग भिवंडीतील समस्त निवृत्त खलाशी रिक्षांनी कशेळीस दाखल जाहले आणि जहाजाची पारख मांडिली. जहाजाचा कारखाना ब्रेझाक. हे नाव कोणी ऐकिले नव्हते, त्यामुळे प्रत्येकास मत होते. विरोधी पक्षाचे पुढारी अब्दुर्रहमान टिंडल. हे उतारूंच्या बोटीवर होते, त्यामुळे मालवाहू बोटीवरच्यांस हमाल समजत. त्यांनी जहाजास बोटाने टिचकी मारिली आणि निवाडा दिला की, ज्या मालाची आपल्या मोरीतली बादली त्याच मालाचे हे जहाज. मार्सेल्सच्या बंदरात आपण फरासिसांची नामी नामी जहाजे रांगेने उभी पाहिली, त्यात ब्रेझाकचे नाव काढणारा एकही नव्हता. नाक बोथट, चाल म्हशीची. दुसरा एक खलाशी आत डोकावून आला आणि सांगता जाहला की, आत कपाटे इतकी आहेत की नारपोलीच्या चाळीतील दोन कुटुंबे सुखाने नांदतील. तिसऱ्याने आतला संडास पाहिला, त्याचा दांडा हलविला आणि भिजून परत आला, त्याचे मत कोणी विचारिले नाही.

परंतु मोठा वाद पडला तो बुडावरून. ब्रेझाकच्या बुडाखाली एका कण्याऐवजी दोन कणे होते, शेजारी शेजारी, जणू जहाज दोन पायांवर उभे राहण्याच्या इराद्याने जन्मले. अब्दुर्रहमान टिंडल यांनी दाढीवर हात फिरवून भाकीत केले, "दोन कन्यांचा जनावर अल्लानं बनवला न्हाय. वहटीला पानी उतरून चिखलात बसला का आडवा पडनार. माझा शब्द लिवून ठेव, गुलाम."

सारंगसाहेब उत्तर देण्यास उठले खरे, परंतु त्यांजपाशी दाखला नव्हता. मग त्यांस मुसाचे बोलणे आठवले. जाण्याआधी मुसा त्यांस म्हणाला होता की, ब्रेझाक हे मासेमारीच्या होड्या बांधणाऱ्या दोघा भावांचे घर, त्यांनी थोडीच जहाजे केली आणि मग कारखान्यास कुलूप पडले. हे जहाज कोणाच्या पुढे जात नाही. पण माझी बायको हयात होती तोवर ह्याच्यावर बसून एकदाही घाबरली नाही. हे बोलणे सारंगसाहेबांच्या काळजास लागले होते. तरी चारचौघांत बायकोचा विषय काढणे सारंगास शोभत नाही, म्हणून ते फक्त म्हणाले, "जहाज उबा ऱ्हाईल." आणि खाली बसले. आणि त्याच जहाजावर ते आपल्या माणसाला नेणार होते.

आता शिडाचा सरंजाम. शिडाचे खास कापड मुंबईसही मिळेना. तेव्हा अजम यूनुसशेट यांनी भर कारखान्यात जाहीर केले की, सारा हिंदुस्थान भिवंडीचे कापड अंगावर घालतो, तर एक होडी घालणार नाही काय? मग त्यांनी एका मागाचे चालू काम उतरविले, दुपेडी जाड सूत चढविले आणि स्वतः उभे राहून कापड विणविले. फाटके शीड जमिनीवर पसरून त्याबरहुकूम नवे बेतिले आणि पडदे शिवणाऱ्या कारागिराकडून शिवून घेतले. शीड काय, पोलादाचा पत्रा! उभे केले तर भिंतीस टेकून उभे राही, हाताने वाजविले तर वाजे. बघणारे धन्य धन्य म्हणाले. यूनुसशेट म्हणाले, "अब्बा, ये देखो, कडक माल! ह्याला म्हनतात नारपोली."

आता चुकीचा उगम सांगणे भाग आहे, आणि ती चूक भिवंडीवाचून अन्यत्र कोणी करू धजला नसता. मागावर चढण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुतास कांजी चढते, नाहीतर सूत तुटते. ती कांजी कापडात तशीच राहते आणि कापड कोरेच्या कोरे ट्रकात बसून परगावी धुण्या-रंगण्यास जाते. नारपोलीकराने जन्मभर लाखो वार कापड विणलेले असते, परंतु आपलेच कापड धुतल्यावर कैसे दिसते हे त्याने पाहिलेले नसते. जो कडकपणा कांजीचा, तो यूनुसशेट यांनी आपल्या विणीचा समजला. बखरकारही तेथे हजर होता आणि त्यानेही शीड वाजवून मान डोलाविली होती.

जुम्याचा दिवस उजाडला. माग बंद, आणि नारपोलीचा अर्धा कामगार वर्ग कशेळीच्या काठावर, आणि शेलार गावापर्यंत बातमी गेल्यामुळे तेथील मंडळीही हजर. भरती चढत होती आणि उत्तरेचा वारा मंद होता. मनसुबा ऐसा की भरतीत निघावे, खाडीत एक वळसा घ्यावा आणि नमाजाच्या आत परत यावे. जहाजावर सारंगसाहेब सेनापती, यूनुसशेट सुकाणूवर, कारण त्यांस स्कूटर येत होती, आणि खदीजाबी मागील बैठकीवर, हिरव्या ओढणीत, डबा मांडीवर. आरमाराची पिछाडी सांभाळण्यास नामा आपल्या होडीतून, जाळ्यासह. शीड चढले. दोर सुटले. काठावर आरोळी उठली आणि ब्रेझाक जहाज नामाच्या बांधापासून सुटून डौलाने चालू लागले. सारंगसाहेबांनी मागे वळून बेगमेकडे पाहिले. बेगम काठाकडे पाहत होती, कारण तेथे तिची मुलगी तय्यबा चपला विसरून पाण्यात उभी होती.

येथे सारंगसाहेबांस आपले आजे आठवले. आजे सांगत की, मंद वाऱ्यात शिडावर पाणी मारावे, भिजले शीड वारा धरते. हे वचन खरे आहे, दर्यावर्दी लोकांत सर्वमान्य आहे, आणि आज्यांचे शीड धुतलेल्या कापडाचे होते. सारंगसाहेबांनी हुकूम फर्माविला की, बादली भरभरून शीड भिजवावे. यूनुसशेट यांनी सुकाणू गुडघ्यात धरून बादलीवर बादली मारिली. प्रथम काही जाहले नाही. मग शिडातून दुधासारखे पांढरे पाणी गळू लागले. मग ते पोलादी शीड, जे भिंतीस टेकून उभे राही, ते मान टाकिते जाहले, आणि मग गुडघे टेकिते जाहले, आणि मग भिजल्या गोधडीसारखे डोलकाठीस चिकटून बसले. कांजी यूनुसशेट यांच्या केसांतून ओघळली आणि सेनापतींच्या दाढीतून ठिबकली. वारा होता, परंतु घेणारा कोणी नव्हता. इंजिन तर आधीच मृत. जहाज भरतीच्या ओढीस लागले आणि पुढे कशेळीचा पूल. डोलकाठी उंच, पूल ठेंगणा.

पुलावर गर्दी जमली. सुताचे ट्रक थांबले, त्यामागे ताग्यांचे ट्रक थांबले, त्यामागे ठाण्याच्या एस. टी. थांबल्या, आणि तमाम फौज कर्णे फुंकू लागली. काठावरून अब्दुर्रहमान टिंडल ओरडले, "गुलाम, लंगर!" परंतु त्याआधीच सारंगसाहेब नाळेवर, म्हणजे जहाजाच्या नाकावर, पोहोचले होते. शिडाविषयी त्यांस काही ठाऊक नव्हते. लंगराविषयी ठाऊक नाही ऐसे काही नव्हते. त्यांनी साखळी मोकळी केली, पाय रोविला, पाण्याचा वेग नजरेने जोखिला आणि हात उगारून थांबले, आणि मग ऐन घडीस त्यांचे छातीतून जो आवाज निघाला तो नारपोलीत कोणी ऐकिला नव्हता. "आरिया!" म्हणजे खलाशी बोलीत, सोड. सोडणारेही तेच होते, परंतु सवय जात नाही. लंगर सरळ गेला, साखळी खणखणली, तळ लागला, साखळी ताठ जाहली, आणि जहाज पुलाच्या खांबांपासून दोन होड्यांच्या अंतरावर नाक फिरवून थबकले.

पुलावरचे कर्णे बंद पडले. सारंगसाहेबांनी वळून पाहिले. या वेळी बेगम काठाकडे पाहत नव्हती. ती उभी होती, एक हात डोलकाठीच्या तारेला, आणि नवऱ्याकडे अशी पाहत होती जणू हा मनुष्य कोण, कोणाच्या घरचा.

मग ती हळूच म्हणाली, "ह्योच काम करताव तुमी?"

"ह्योच."

"सुरई ह्याच्यानंच फुटली व्हती?"

"ह्याच्यानंच."

"मंग घरात कशाला करताव? हितं केवरी जागा हाय."

सारंगसाहेबांच्या डोळ्यांत काहीतरी गेले. कांजी गेली ऐसे त्यांनी यूनुसशेट यांस सांगितले.

परंतु मोहीम संपली नव्हती. भरती फिरली आणि ओहोटी लागली, आणि तिने जहाज हळूच मागे वाळूचिखलाच्या भाटीवर आणून बसविले. नामाने होडी लावून ओढून पाहिले, जहाज हलेना. पाणी उतरू लागले. आता टिंडलसाहेबांचे भाकीत खरे ठरण्याची घडी आली, आणि काठावरचे लोक जहाज आडवे होण्याची वाट पाहू लागले. सारंगसाहेबांनी बेगमेचा हात धरिला, जो त्यांनी चारचौघांत आजवर धरिला नव्हता. पाणी घोट्याएवढे राहिले, आणि मग तेही गेले. जहाज किंचित कुरकुरले, आपल्या दोन पायांखालचा चिखल चाचपून पाहिला आणि उभे राहिले. जैसे देवडीवर शिपाई.

तेवढ्यात काठावरून जुम्याची अजान आली. जमातीस जाणे आता शक्य नव्हते. काठावर मसला उपस्थित जाहला की, चिखलात रुतलेला मनुष्य मुसाफीर धरून त्यास जुम्याची माफी द्यावी की न द्यावी, कारण जो हललाच नाही त्याचा सफर कैसा? निकाल लागण्याआधीच सारंगसाहेबांनी वुजू केला आणि डेकवर चादर अंथरून जोहर, म्हणजे दुपारचा नमाज, पढू लागले. अब्दुर्रहमान टिंडल पाहत राहिले. सारंगसाहेब रुकूस वाकले, सजद्यात गेले, पुन्हा उभे राहिले, परंतु तोल जाणे दूर, चादरीची घडीही सरकली नाही. जहाज मशिदीच्या फरशीइतके सपाट उभे होते. टिंडलसाहेबांनी टोपी सारखी केली आणि फक्त एवढेच उच्चारिले, "मंजूर." नारपोलीच्या इतिहासात त्यांनी हा शब्द पूर्वी उच्चारिल्याचा दाखला नाही.

इकडे नामास लूट मिळाली. कांजीच्या लोभाने बोयट माशांच्या झुंडी पुलाखाली जमल्या होत्या, आणि नामाने उरल्या पाण्यात जाळे टाकिले तो ते उचलेना. त्याने दोन्ही हात वर करून काठास सांगितले, "चाचा, रोज शीड धवा!" मग तो लाकडी फळीवरून चिखलात सरकत आला आणि पाच-सहा ताजी बोयटे जहाजावर देऊन गेला. खदीजाबी आत गेल्या. फरासिसाची चूल झुलती होती, लाटेत भांडे सांडू नये म्हणून टांगलेली. बाईंनी तीस पाळण्यागत एक बोट लावून झोका दिला, हसल्या, आणि मग डब्यातील मसाला लावून मासे तळिले. दुपारभर तिघे तेथेच होते. यूनुसशेट कांजी वाळून स्वतःच कडक होऊन एका कपाटाशेजारी झोपले. नवराबायको मागील बैठकीवर बसली होती. ट्रक पुन्हा चालू जाहले होते, चिंबोऱ्या चिखलात फिरत होत्या, आणि कोणास कोठे जाणे नव्हते.

सारंगसाहेबांनी विचारिले की, बेगमेस जहाज कैसे वाटले? शिडाने दगा दिला, इंजिन मेलेले, नाव कोणास ठाऊक नाही, तरी मत द्यावे.

खदीजाबींनी माशाचा काटा बाजूला काढिला आणि मत दिले. "जहाज बरा हाय. कुठं जात न्हाय."

सारंगसाहेबांनी आपल्या ताटलीतला माशाचा मधला तुकडा उचलून तिच्या ताटलीत ठेविला.

संध्याकाळी भरती आली आणि जहाज आपले आपण उठले, आणि नामाने ते ओढून बांधास लाविले. पुढे मुसा आंद्रे आग्र्याहून परतला. शीड धुवून निघाल्यामुळे आखूड आणि मऊ जाहले होते. त्याने ते हातात चोळून पाहिले, शिडास नालायक ठरविले आणि डेकवर उन्हासाठी छत म्हणून लाविले. मुंबईहून त्याने जुने शीड पैदा केले, इंजिनास नवा भाग बसविला आणि माघ महिन्यात तो वसईकडे निघून गेला. जाताना जहाज दिसेनासे होईस्तोवर नारपोलीचे कापड त्यावर हलत होते, आणि यूनुसशेट ओरडत होते की, धुण्यास टाकू नको.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. शत्रू होते ते वारा, भरती, ओहोटी, पूल आणि कांजी. मुलूख काबीज केला तो नामाच्या बांधापासून पुलाअलीकडील भाटीपर्यंत, आणि तोही त्याच संध्याकाळी दर्यास परत केला. लुटीत बोयटे आली, ती वाटून खाल्ली. जखमी कोणी नाही, केवळ यूनुसशेट यांचे केस कापावे लागले. ब्रेझाक जातीच्या जहाजाविषयी भिवंडीच्या खलाशी मंडळीचे एकमत नोंदविले ते ऐसे की, नाव नाही, वेग नाही, परंतु उभे राहते.

आणि हल्ली नारपोलीत शेजारणींपैकी कोणी पुसले की, खदीजाबी, तुमचे मालक दर्यावर करीत तरी काय होते, तर खदीजाबी आधी उठून कोनाड्यातील नवी सुरई खाली ठेवतात, आणि मग पाय रोवून, हात उगारून दाखवितात.